टनेलिंगला शेजार बाधतो का? लासलगावच्या कोबाल्टपासून सूर्याच्या गाभ्यापर्यंत

ब्रह्मगिरी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

२०२५ चं भौतिकशास्त्राचं नोबेल जॉन क्लार्क, मिशेल डेव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांना जाहीर झालं, तेव्हापासून कॉलेज रोडवरच्या आमच्या कट्ट्यावर टनेलिंगचा, म्हणजे ऊर्जा अपुरी असूनही कण अडथळ्याच्या आरपार जाण्याचा, विषय सुटायला तयार नाही. हातात धरता येईल एवढ्या अतिवाहक मंडलातही टनेलिंग घडतं, हे या तिघांनी १९८४-८५ मध्ये बर्कलीत दाखवलं. मला मात्र त्या प्रयोगामागचा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो. टनेलिंग करणारी वस्तू सतत आजूबाजूच्या असंख्य गोष्टींशी ऊर्जेची देवघेव करत असेल, तर तिचं टनेलिंग तेवढंच राहील का, असं भौतिकशास्त्रज्ञ अँथनी लेगेट विचारत होते. १९८१ मध्ये काल्देइरा आणि लेगेट यांनी त्याचं गणित मांडलं. उत्तर आलं की परिसराच्या घर्षणाने टनेलिंग मंदावतं.

त्यावर कट्ट्यावर एकाने विचारलं, "मग अणुकेंद्रकाचं काय? तिथे तर बराचसा कारभार टनेलिंगवरच चालतो. युरेनियम तापवलं, गोठवलं, धातूत मिसळलं तर त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मी केंद्रकं ऱ्हास पावायला लागणारा काळ, बदलतं का?" चहा संपेपर्यंत देता येईल असं हे उत्तर नाही, म्हणून धागा काढला.

आधी थोडी पूर्वपीठिका. युरेनियमच्या केंद्रकातून अल्फा कण (दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉनांचा गठ्ठा) बाहेर पडतो तेव्हा त्याच्याजवळ जेमतेम ४.२ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जा असते. केंद्रकाच्या काठावर विद्युत प्रतिकर्षणाने उभा केलेला अडथळा पंचवीस-तीस एमईव्ही उंच असतो. जुन्या यांत्रिकीनुसार तो कण जन्मभर आतच राहायला हवा. १९२८ मध्ये जॉर्ज गॅमॉ यांनी, आणि स्वतंत्रपणे गर्नी व काँडन यांनी, हा कण अडथळ्याच्या आरपार जातो असं दाखवलं. आरपार जाण्याची शक्यता ऊर्जेवर भयंकर तीव्रतेने अवलंबून असते. युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य ४४७ कोटी वर्षं. पोलोनियम-२१२ चा अल्फा कण ८.७८ एमईव्हीचा, म्हणजे ऊर्जा दुपटीपेक्षा थोडीच जास्त, आणि त्याचं अर्धायुष्य एका सेकंदाच्या दशलक्षांश भागाच्याही तिसरा हिस्सा. दोन अर्धायुष्यांच्या गुणोत्तरात चारावर तेवीस शून्यं येतात!

जी गोष्ट ऊर्जेतल्या फरकाला इतकी हळवी आहे, ती परिसरालाही हळवी असणार असं कुणालाही वाटेल. माझं म्हणणं असं की परिसर जितका जवळचा, तितका त्याचा हात मोठा. बाहेरचं तापमान, रासायनिक बंध, धातूचा स्फटिक यांचा व्यवहार एक-दोन इलेक्ट्रॉन-व्होल्टचा. केंद्रकाच्या आतला व्यवहार लाखो इलेक्ट्रॉन-व्होल्टचा. म्हणून टनेलिंगचं खरं वातावरण शोधायचं तर केंद्रकाच्या आतच बघावं लागतं. याला एक ठळक अपवाद आहे, तो ओघात येईल.

तुमचे प्रश्न येऊ द्या.

---

निफाडकर

सर, वाचनखूण साठवली. माझा प्रश्न शेतकऱ्याचा आहे, चालेल ना?

आमच्या लासलगावला भाभा अणु संशोधन केंद्राचं विकिरण केंद्र आहे, 'कृषक' नावाचं. २००२ पासून आहे. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून तिथे कोबाल्ट-६० चे गॅमा किरण देतात, पुढे आंबाही तिथूनच अमेरिकेला गेला. क्रेटच्या क्रेट त्या खोलीतून फिरून येताना मी बघितलेत. कोबाल्ट हळूहळू संपत जातो आणि ठरावीक काळाने नवा भरावा लागतो, असं तिथे कळलं. मग हंगाम नसताना तो अतिथंड करून ठेवला तर कमी संपेल का? कांदा शीतगृहात ठेवतो तसा?

---

ब्रह्मगिरी

निफाडकर, प्रश्न अगदी मर्मावर आहे.

कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं. म्हणजे दरवर्षी साधारण १२ टक्के ताकद जाते, कांदा असो वा नसो. गोठवून काही फरक पडणार नाही. एक खुलासा मात्र हवा. कोबाल्टचा ऱ्हास बीटा प्रकारचा आहे, त्यात टनेलिंग नाही. केंद्रकातला एक न्यूट्रॉन प्रोटॉन होतो, इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो आणि निकेलचं केंद्रक १.१७ आणि १.३३ एमईव्हीचे दोन गॅमा किरण सोडून शांत होतं. आपण कांद्याला देतो ते हे किरण. या सगळ्यात लाखो इलेक्ट्रॉन-व्होल्टची उलाढाल होते. खोलीच्या तापमानाला अणूंच्या हालचालीची ऊर्जा एका इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या चाळीसाव्या भागाएवढी. ती काढून घेतली काय नि ठेवली काय, केंद्रकाच्या हिशेबात तिची नोंदही होत नाही.

---

डॉ_सुलभा

धागा आवडला. मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये काम करते, त्यामुळे अर्धायुष्याशी रोजची गाठ. तपासण्यांसाठी वापरतो त्या टेक्नेशियम-९९एम चं सहा तासांचं अर्धायुष्य गृहीत धरूनच आमचं सगळं वेळापत्रक चालतं. पण 'अर्धायुष्य कधीच बदलत नाही' हे विधान सरसकट करू नये असं मला वाटतं.

बेरिलियम-७ चं केंद्रक स्वतःच्याच अणूतला एक इलेक्ट्रॉन गिळतं आणि लिथियम होतं. केंद्रकापाशी इलेक्ट्रॉन किती दाट आहेत यावर त्याचं ५३ दिवसांचं अर्धायुष्य ठरतं, म्हणून ते कुठल्या पदार्थात ठेवलंय त्याप्रमाणे सुमारे एक टक्क्यापर्यंत हलतं. कोलकात्याच्या व्हीईसीसी या प्रवेगक केंद्रामध्ये यावर चांगलं काम झालेलं आहे, आणि जपानमध्ये कार्बनच्या साठ अणूंच्या पिंजऱ्यात बेरिलियम कोंडून मोजलं तेव्हाही फरक दिसला.

याहून टोकाची उदाहरणं जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या जीएसआय या प्रयोगशाळेतली. डिस्प्रोसियम-१६३ एरवी स्थिर. त्याचे सगळेच्या सगळे इलेक्ट्रॉन काढून ते नुसतं केंद्रक साठवण-कड्यात (कण फिरते ठेवणाऱ्या वर्तुळाकार यंत्रात) फिरवलं, तर ४७ दिवसांच्या अर्धायुष्याने त्याचा ऱ्हास होतो. रेनियम-१८७ चं चार हजार कोटींहून जास्त वर्षांचं अर्धायुष्य इलेक्ट्रॉन उतरवल्यावर तेहतीस वर्षांवर येतं. स्थिर म्हणून शिकवलेलं केंद्रक नुसते इलेक्ट्रॉन काढल्यावर स्थिर राहत नाही, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ दुसरं काही सुचलं नव्हतं.

---

ब्रह्मगिरी

सुलभाताई, फार छान भर घातलीत. तुमच्या उदाहरणांत इलेक्ट्रॉन हा त्या प्रक्रियेतला भागीदारच आहे. तो गिळला तरी जातो, नाहीतर नव्या इलेक्ट्रॉनला अणूतली रिकामी जागा तरी मिळते. टनेलिंगवर चालणाऱ्या अल्फा ऱ्हासात इलेक्ट्रॉन नुसता भोवती उभा असतो. म्हणून त्याचा प्रश्न वेगळा काढून बघावा लागतो.

---

सातपूरकर

मी एमआयडीसीत धातूंच्या मुलाम्याच्या धंद्यात आहे, त्यामुळे 'धातूत मिसळलं तर' या वाक्यावर थबकलो.

२००६ च्या सुमारास जर्मनीतल्या बोखुमच्या गटाने मांडलेली कल्पना मी तेव्हा वर्तमानपत्रात वाचली होती. अल्फा सोडणारं मूलद्रव्य धातूत घालून खूप थंड केलं, तर धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती दाटतील आणि अर्धायुष्य कमी होईल. रेडियम-२२६ ची १६०० वर्षं शंभरावर किंवा त्याहूनही खाली येतील, म्हणजे अणुभट्टीच्या कचऱ्याचा प्रश्न मिटला. त्याचं पुढे काय झालं?

---

ब्रह्मगिरी

त्यानंतर वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी अल्फा सोडणारी केंद्रकं धातूत घालून, निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ नेऊन मोजली. अपेक्षित होता तसा बदल सापडला नाही. माझ्या मते तो सापडणारही नव्हता.

अल्फा कण धनभारित आहे. भोवतीच्या इलेक्ट्रॉनांच्या ढगामुळे अडथळ्याची उंची थोडी कमी होते, इथपर्यंतचा तर्क बरोबर. पण तोच ढग केंद्रकाच्या आतही तितकाच पसरलेला आहे. म्हणजे आत बसलेल्या अल्फा कणाची ऊर्जाही तेवढीच खाली येते. गंगापूर धरणाची भिंत एक मीटर उतरवली आणि पाण्याची पातळीही नेमकी एक मीटर उतरली, तर पाण्याला भिंत पूर्वीइतकीच उंच. युरेनियमच्या अणूत इलेक्ट्रॉनांमुळे होणारा हा सरक पस्तीस-चाळीस हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टचा आहे, म्हणजे काही लहान नाही. पण तो दोन्हीकडे सारखाच लागतो आणि वजाबाकीत जवळजवळ सगळा उडून जातो. धातू बदलून त्या सरकात जो फरक पडेल तो तर आणखी किरकोळ.

म्हणून अल्फा ऱ्हास हट्टी असतो. पृथ्वीचं वय युरेनियमवरून काढताना तो खडक किती तापला होता, कशाच्या खाली दबला होता, याचा विचार अर्धायुष्यासाठी करावा लागत नाही. भूविज्ञानाचं केवढं काम या हट्टावर उभं आहे!

---

सातपूरकर

पटलं. मग कण बाहेरून आत येत असेल तर? तिथे हे गणित उलटं व्हायला हवं. बाहेरून येणाऱ्या कणाची ऊर्जा यंत्राने ठरवलेली असते, ढगामुळे ती खाली येत नाही, पण अडथळा तर उतरतो.

---

ब्रह्मगिरी

बरोबर पकडलंत! सुरुवातीला ज्याला अपवाद म्हटलं, तो हाच.

सूर्याच्या गाभ्यात तापमान दीड कोटी अंश असलं तरी प्रोटॉनची सरासरी औष्णिक ऊर्जा सुमारे दोन केईव्हीच (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट) असते, आणि दोन प्रोटॉनांमधला अडथळा काहीशे केईव्हीचा. सूर्य जळतो तो टनेलिंगवर. तिथल्या दाट प्लाझ्मात प्रत्येक प्रोटॉनभोवती ऋणभाराचं किंचित जास्त कवच जमतं आणि त्यामुळे प्रोटॉन-प्रोटॉन अभिक्रियेचा वेग सुमारे ५ टक्क्यांनी वाढतो. एडविन सॉल्पीटर यांनी १९५४ मध्ये याचं सूत्र दिलं.

प्रयोगशाळेत ड्युटेरियमवर (जड हायड्रोजनवर) ड्युटेरियम आदळवलं तरी तेच. वायूच्या लक्ष्यात इलेक्ट्रॉनांचं हे साहाय्य सुमारे २५ इलेक्ट्रॉन-व्होल्टचं, सिद्धांताशी जुळणारं. पण टँटलम, झिर्कोनियम अशा धातूंत ड्युटेरियम मुरवून मोजल्यावर २००१ पासूनच्या प्रयोगांत तो आकडा ३०० च्या आसपास निघाला. एवढं मोठं मूल्य सिद्धांतातून सहज निघत नाही आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

३०० इलेक्ट्रॉन-व्होल्टचा परिणाम किती, याचा हिशेब करून बघितला. ड्युटेरियमची जोडी २५ केईव्हीने एकमेकांवर आली तर अभिक्रिया फक्त ४ टक्क्यांनी वाढते. ५ केईव्हीला दीडपट. २ केईव्हीला पाचपटीच्या वर. ऊर्जा जितकी कमी, टनेलिंग जितकं दुर्मीळ, तितका शेजाऱ्याचा हात मोलाचा.

---

सातपूरकर

म्हणजे १९८९ मधली ती कोल्ड फ्यूजनची, पॅलॅडियममध्ये खोलीच्या तापमानालाच ड्युटेरियमची केंद्रकं जुळवल्याची, घोषणा अगदीच हवेतून आली नव्हती तर! पॅलॅडियममध्ये हायड्रोजन किती मुरतो हे आम्हा मुलामेवाल्यांना चांगलं माहीत. मुलामा देताना पोलादात हायड्रोजन शिरला की ते ठिसूळ होतं, म्हणून काम झाल्यावर लगेच भट्टीत भाजून तो बाहेर काढावा लागतो. बोल्ट असेल तर तो पुढे ताणाखाली अचानक तुटू शकतो. पॅलॅडियम तर स्वतःच्या आकारमानाच्या कैक पट हायड्रोजन पोटात घेतं.

---

ब्रह्मगिरी

हायड्रोजन मुरतो हे खरं. पण ती घोषणा करणाऱ्या फ्लाइशमन आणि पॉन्स यांच्या दाव्याला लागणारा वेग आणि धातूतल्या इलेक्ट्रॉनांकडून मिळणारी मदत यांत प्रचंड अंतर आहे. खोलीच्या तापमानाला ड्युटेरियमची ऊर्जा २ केईव्ही नसते, केईव्हीच्या काही लाखांश भागाएवढी असते. तिथे ३०० इलेक्ट्रॉन-व्होल्टची मदत मिळूनही वेग मोजण्यापलीकडे नगण्य राहतो.

तरी त्या वाटेवर प्रामाणिक काम चालू आहे याचा मला आनंद वाटतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने 'नेचर'मध्ये एक निकाल दिला. पॅलॅडियमवर एका बाजूने ड्युटेरियमचा मारा करायचा आणि दुसऱ्या बाजूने विद्युत-रासायनिक पद्धतीने त्यात आणखी ड्युटेरियम भरायचं. न्यूट्रॉन मोजले तर फ्यूजनचा वेग सरासरी १५ टक्क्यांनी वाढला. तो मुख्यतः लक्ष्यातलं इंधन दाट झाल्यामुळे. ऊर्जा मिळवण्याशी याचा संबंध नाही, निघालेली ऊर्जा घातलेल्या ऊर्जेच्या तुलनेत अत्यल्प आहे. न्यूट्रॉन मोजून मांडलेला निकाल असल्यामुळे तो इतरांना तपासता येतो. मला तेच महत्त्वाचं वाटतं.

शेजार खरोखर जवळ आला तर काय होतं, हे म्युऑन दाखवतो. इलेक्ट्रॉनपेक्षा २०७ पट जड असा हा कण. हायड्रोजनच्या रेणूत इलेक्ट्रॉनच्या जागी तो बसला की दोन केंद्रकं सुमारे दोनशे पट जवळ येतात आणि टनेलिंग क्षणात होतं, कडाक्याच्या थंडीतसुद्धा. फ्रँक आणि साखारोव्ह यांनी १९४०च्या दशकात ही शक्यता वर्तवली, १९५६ मध्ये अल्व्हारेझ यांच्या बर्कलीतल्या गटाला ती प्रत्यक्ष दिसली. एक म्युऑन आपल्या २.२ मायक्रोसेकंदांच्या आयुष्यात शंभरावर फ्यूजन घडवू शकतो. म्युऑन तयार करायला लागणारी ऊर्जा त्यातून भरून निघत नाही, तिथेच सगळं अडतं.

---

गोदाघाट

भौतिकशास्त्रातलं मला फारसं कळत नाही, पण सगळे प्रतिसाद वाचले. २०२१ साली नाशिकला साहित्य संमेलन झालं तेव्हा अध्यक्षपदी जयंत नारळीकर होते. तब्येतीमुळे ते येऊ शकले नाहीत, पण विज्ञान मराठीत लिहिलं गेलं पाहिजे हा त्यांचा आग्रह मनात राहिला. असे धागे बघितले की बरं वाटतं. वसंत व्याख्यानमालेत गोदाकाठी हा विषय एकदा यायलाच हवा. सर, मनावर घ्या.

---

पेलेट्रॉनवाला

मूळचा नाशिकरोडचा. पीएचडीची वर्षं कुलाब्याला, टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) आवारातल्या पेलेट्रॉन प्रवेगकावर गेली. 'खरं वातावरण केंद्रकाच्या आत असतं' हे धाग्यातलं वाक्य वाचून राहवलं नाही.

इलेक्ट्रॉनांची मदत हलक्या केंद्रकांत टक्क्यांची किंवा थोड्या पटींची. जड केंद्रकांत आतल्या परिसरामुळे फ्यूजन दहापट, शंभरपट वाढलेलं आम्ही रोज बघायचो. उदाहरण सॅमेरियमचं घ्या. १९७८ मध्ये बर्कलीत ऑक्सिजन-१६ चे झोत सॅमेरियमच्या वेगवेगळ्या समस्थानिकांवर सोडले. सॅमेरियम-१४४ गोल आहे आणि १५४ लांबट. विद्युतभार दोघांचाही ६२. अडथळा ६० एमईव्हीच्या आसपास, साध्या हिशेबाने दोघांचा जवळपास सारखाच. तरी अडथळ्याच्या खालच्या ऊर्जेला लांबट केंद्रकांवरचं फ्यूजन कितीतरी जास्त निघालं.

कारण असं की, लांबट केंद्रक कुठल्या दिशेला तोंड करून आहे याला टनेलिंगच्या वेळी मोठं महत्त्व असतं. टोकाकडून गेलात तर अडथळा ठेंगणा, कुशीकडून गेलात तर उंच. सरासरी काढली की ठेंगणा अडथळाच जिंकतो, कारण शक्यता ऊर्जेनुसार घातांकी वाढते. एका अडथळ्याच्या जागी अडथळ्यांचा अख्खा पसारा तयार होतो. रॉली, सॅचलर आणि स्टेल्सन यांनी १९९१ मध्ये दाखवलं की हा पसारा मोजलेल्या फ्यूजनमधूनच काढता येतो. ऊर्जा आणि फ्यूजनचा काटछेद (फ्यूजन घडण्याच्या शक्यतेचं माप) यांच्या गुणाकाराचं दोनदा विकलन करायचं. दोनदा विकलन म्हणजे मोजणीत एक टक्क्याहूनही कमी चूक हवी, नाहीतर आलेखावर नुसता कचरा दिसतो. ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराच्या प्रयोगशाळेने ते साधलं. तिथल्या महानंदा दासगुप्ता यांनी पीएचडी आपल्या टीआयएफआरमध्येच केली होती.

रात्रपाळीत झोताची ऊर्जा थोडी थोडी बदलत जायचो. खालच्या ऊर्जेला एकेका घटनेसाठी तासन् तास ताटकळायचं. पडद्यावर एकुलता एक ठिपका उमटला की शेजारी पेंगत असलेला सहकारी खडबडून जागा व्हायचा.

---

मृण्मयी_के

मी टीवाय बीएस्सीला आहे, फिजिक्स. सर, सगळं वाचलं आणि माझा गोंधळ वाढलाय. धाग्याच्या सुरुवातीला लेगेट म्हणतात परिसर टनेलिंग मंदावतो. पेलेट्रॉनवाला दादा म्हणतात वाढवतो. दोन्ही कसं खरं?

---

पेलेट्रॉनवाला

मृण्मयी, या क्षेत्रातला सगळ्यात चांगला प्रश्न तू विचारलास.

परिसराशी जोडणी झाली की दोन गोष्टी एकदम घडतात. एक, अडथळ्याचा आकारच बदलतो. दोन, ऊर्जा गळते, म्हणजे घर्षण. काल्देइरा-लेगेट यांना फक्त घर्षणाचा परिणाम बघायचा होता. म्हणून त्यांनी गणितात एक भरपाईची संज्ञा मुद्दाम घातली, जिच्यामुळे अडथळा मूळच्याइतकाच राहतो. मग उरतं नुसतं घर्षण, आणि ते नेहमी मंदावतं. केंद्रकांच्या टकरीत अशी भरपाई कुणी करत नाही. जोडणीमुळे अडथळा खरोखरच उतरतो, आणि अडथळ्याजवळच्या ऊर्जांना ही उतरण घर्षणावर मात करते.

दुसरं, परिसर सावकाश आहे की चपळ हे बघायचं. सॅमेरियम-१५४ चं फिरणं संथ असतं, त्याची पहिली उत्तेजित पातळी अवघ्या ८२ केईव्हीवर. टक्कर होऊन जाईपर्यंत ते जवळजवळ जागचं हलत नाही, म्हणून दिशांची सरासरी घेतली की भागतं. ऑक्सिजन-१६ ची अष्टध्रुवी (ऑक्टोपोल) कंपनाची पातळी ६.१३ एमईव्हीवर आहे, ते कंपन फार चपळ. ते टक्करीबरोबर आपोआप जुळवून घेतं आणि अडथळा सगळाच्या सगळा थोडा सरकवतं, पसारा करत नाही.

आणि लेगेट यांचा मुद्दा आमच्याकडेही डोकं वर काढतोच. २००२ मध्ये अमेरिकेतल्या अरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत निकेल-६० आणि इट्रियम-८९ यांचं फ्यूजन अडथळ्याच्या खूप खाली मोजलं, तेव्हा ते अपेक्षेपेक्षा झपाट्याने कोसळताना दिसलं. काहींच्या मते केंद्रकांची द्रव्यं एकमेकांत शिरली की दाबायला विरोध करतात, म्हणून आतला अडथळा जाड होतो. २००७ मध्ये कॅनबेराच्या गटाने वेगळी शक्यता मांडली. दोन केंद्रकं एकमेकांत शिरू लागली की आतल्या असंख्य पातळ्या एकदम खुल्या होतात आणि लहरींमधली सुसंगती विस्कटते. हा तर लेगेट यांचाच परिसर, फक्त टकरीच्या क्षणी जन्मलेला. यातलं कुठलं बरोबर, यावर आजही एकमत नाही. ताऱ्यांमध्ये कार्बनवर कार्बन जळतो त्याचा वेग या उत्तरावर अवलंबून आहे, म्हणून हा वाद महत्त्वाचा.

जाता जाता, सगळेच आतले परिसर मदतनीस नसतात. लिथियम-६, लिथियम-७, बेरिलियम-९ अशी ढिली बांधलेली केंद्रकं अडथळ्याशी पोचण्याआधीच फुटतात. जड लक्ष्यांवर त्यांचं पूर्ण फ्यूजन अडथळ्याच्या वरच्या ऊर्जांना सुमारे ३० टक्क्यांनी कमी पडतं. आमच्या पेलेट्रॉनवर यावर पुष्कळ काम झालंय.

---

मृण्मयी_के

भरपाईच्या संज्ञेचं कुठल्याच नोट्समध्ये नव्हतं. धन्यवाद दादा! सर, मला यावर प्रोजेक्ट करायचाय, पण कॉलेजात प्रवेगक कुठून आणू? घरी बसून करता येईल असं काही आहे का?

---

ब्रह्मगिरी

आहे. पोलोनियमची ही यादी घे. अल्फा कणाची ऊर्जा एमईव्हीमध्ये, पुढे अर्धायुष्य.

पोलोनियम-२१२: ८.७८, ०.३ मायक्रोसेकंद
पोलोनियम-२१४: ७.६९, १६४ मायक्रोसेकंद
पोलोनियम-२१६: ६.७८, ०.१४५ सेकंद
पोलोनियम-२१८: ६.००, ३.१ मिनिटं
पोलोनियम-२१०: ५.३०, १३८.४ दिवस

आडव्या अक्षावर एक भागिले ऊर्जेचं वर्गमूळ, उभ्यावर सेकंदांतल्या अर्धायुष्याचा लॉग. आधी पहिल्या चारांमधूनच रेषा काढ आणि पुढे वाढव. मग पाचवा बिंदू कुठे पडतो ते इथे येऊन सांग.

---

मृण्मयी_के

काढला! पहिले चार बिंदू जवळजवळ सरळ रेषेत आले. पण २१० रेषेच्या खूप वर जातोय. रेषेप्रमाणे लॉग साधारण ५.६ यायला हवा, येतोय ७.१. म्हणजे अर्धायुष्य वीस-तीस पट जास्त. आकडे दोनदा तपासले, बरोबर आहेत.

---

पेलेट्रॉनवाला

बरोबरच आहेत. पोलोनियम-२१० मध्ये न्यूट्रॉन किती ते मोज: २१० वजा ८४, म्हणजे १२६. ही बंद कवचाची संख्या, म्हणजे इतक्या न्यूट्रॉनांनी कवच पूर्ण भरतं. अल्फा कणाला आधी केंद्रकात दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन एकत्र आणून तयार व्हावं लागतं, टनेलिंग त्यानंतरचं. २१२ मध्ये बंद कवचाबाहेर दोन न्यूट्रॉन मोकळे आहेत, ते सहज येतात. २१० मध्ये न्यूट्रॉनची जोडी घट्ट बसलेल्या कवचातून उपसावी लागते. अडथळ्याची जाडी तुझ्या रेषेत आधीच धरलेली आहे. हा वीस-तीस पटींचा उशीर त्या कवचाचा. कुठलाही धातू, कुठलंही तापमान याच्या आसपासही पोचत नाही.

आता त्याच आलेखावर पोलोनियम-२०८ घाल: ५.११ एमईव्ही, २.९ वर्षं. तोही २१० सारखाच रेषेच्या वर पडेल, कारण १२४ न्यूट्रॉन म्हणजे कवचाच्या आतलीच बाजू. मग तेच रेडॉन आणि रेडियमसाठी करून बघ. प्रत्येक मूलद्रव्यासाठी वेगळा रंग घे आणि १२६ च्या अलीकडचे-पलीकडचे बिंदू वेगळ्या खुणांनी दाखव.